हेडफोन काढ, जरा ऐकू दे

निवृत्त शिक्षिकेने इलेक्ट्रिक गिटारवर लिहावं हे पाहून काहींच्या भुवया वर जातील. जाऊ द्यात. बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, गाण्याच्या दोन-चार परीक्षा दिल्या, घरात एक जुनी पेटी आणि एक तंबोरा आहे, एवढंच माझं भांडवल. पण गेली दोन वर्षं आमच्याकडे नातवाची इलेक्ट्रिक गिटार आहे, तिच्या मागोमाग आलेला एक डिजिटल अ‍ॅम्प आहे, आणि त्या दोघांवरून घरात जे वाद होतात त्यात मी गप्प बसलेली नाही. तेच इथे मांडते.

माझं म्हणणं असं. फ्लॅटमध्ये राहून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास न देता या वाद्याचा चांगला आवाज काढता येतो. त्यासाठी डिजिटल अ‍ॅम्प हे काही दुय्यम साधन नाही. आणि "हेडफोन घाल की, प्रश्नच मिटला" हे आमच्या चिरंजीवांचं उत्तर सोयीचं असलं तरी मला मान्य नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते, कारण मलाही ते ठाऊक नव्हतं. नातवाला मी अट घातली होती, जे काही आहे ते मला मराठीत समजावून सांग. बिचारा इंग्रजी माध्यमाचा. पहिले आठ दिवस 'टोन' या शब्दापाशीच अडखळत होता. मग मी माझं गाण्याच्या शास्त्राचं जुनं पुस्तक काढलं. त्यात नादाचे तीन धर्म सांगितले आहेत: तारता, तीव्रता आणि गुण, ज्याला नादाची जाती असंही म्हणतात. तोच सा पेटीवर वाजवला काय, सारंगीवर काय, की गळ्यातून काढला काय, उंची तीच, पण ऐकणारा डोळे मिटूनही ओळखतो. ते ज्याच्यामुळे ओळखता येतं ती नादाची जात. "म्हणजे टोन!" नातू ओरडला. तर ही सगळी धडपड जातीसाठी आहे. (या एका क्षेत्रात तरी जातीचा अभिमान धरायला हरकत नाही.)

इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर डासाच्या गुणगुणण्यापेक्षा जरा जास्त ऐकू येते. तिच्या पोटात पोकळी नसते. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, लोखंडी तार थरथरली की त्या वेटोळ्यात बारीकशी वीज निर्माण होते, आणि ती वीज अ‍ॅम्पकडे जाते. म्हणजे अर्धं वाद्य हातात आणि अर्धं जमिनीवर ठेवलेलं. आपल्या सभेतला लाऊडस्पीकर वक्त्याचा आवाज फक्त मोठा करतो, निदान तेवढंच त्याने करावं अशी अपेक्षा असते. गिटारचा अ‍ॅम्प मात्र आवाज घडवतो. त्याचा स्पीकरसुद्धा मुद्दाम अपुरा असतो, साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं तो फारसं ऐकवतच नाही, आणि म्हणूनच कर्कशपणा गाळला जातो.

जुने अ‍ॅम्प व्हॉल्व्हचे. आमच्या पिढीला व्हॉल्व्ह नवा नाही. वडिलांच्या रेडिओची कळ फिरवली की आधी मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसायचा, मग मिनिटभराने आवाज यायचा. त्या काळच्या कितीतरी रेडिओंत जो ईएल ८४ नावाचा व्हॉल्व्ह असायचा, तसले चार व्हॉल्व्ह इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीच्या एसी ३० या प्रसिद्ध अ‍ॅम्पमध्ये असतात हे कळलं तेव्हा मला आपला एखादा विद्यार्थी परदेशात नाव काढतोय असं वाटलं. तर या व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीबाहेर काम दिलं की तो आवाजाची टोकं छाटतो, त्यात मूळ सुराचे आणखी उपसूर मिसळतो, आणि तो जाडसर, खरखरीत, लांबणारा आवाज तयार होतो. गंमत अशी की हे घडायला अ‍ॅम्प जोरात चालवावा लागतो. वीस वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने चालला तर जवळ बसलेल्याला शंभर डेसिबलच्या वर आवाज सोसावा लागतो. आपल्याकडे २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. आता करा हिशेब!

डिजिटल अ‍ॅम्पने ही गाठ सोडवली. तारेकडून आलेली वीज तो सेकंदाला हजारो वेळा मोजतो, बहुतेक यंत्रांत ४४,१०० किंवा ४८,००० वेळा, आणि "अमुक अ‍ॅम्प इतका ताणला असता तर त्यातून काय बाहेर पडलं असतं" याचं गणित करून उत्तर स्पीकरला देतो. ताणलेल्या व्हॉल्व्हचा आवाज मिळतो, पण गप्पा मारता येतील इतक्या हळू. अमेरिकेतल्या लाइन सिक्स या कंपनीने १९९६ मध्ये असा अ‍ॅम्प आणला आणि १९९८ मध्ये पॉड नावाची लहानशी लाल डबी काढली. तिथून हे घरोघरी गेलं. यामाहाचा टीएचआर २०११ चा, बॉसचा कटाना २०१६ चा. आमच्याकडचा माझ्या एका महिन्याच्या पेन्शनमध्ये बसला, व्हॉल्व्हचा चांगला अ‍ॅम्प सहा महिन्यांच्या पेन्शनमध्येही बसला नसता.

यावर नातवाच्या क्लासमधले काही मोठे वादक नाक मुरडतात. म्हणे, खरा आवाज तो व्हॉल्व्हचा, ही नक्कल. मला या 'खरा' शब्दाची जरा धास्ती आहे. इतिहास शिकवणारी बाई मी. पेटी आपल्या संगीताला शोभत नाही, तिच्यात मींड नाही, तिचे सूर बांधलेले, असं म्हणून १९४० साली आकाशवाणीवर तिला बंदी झाली आणि ती उठायला १९७१ साल उजाडलं. दरम्यान महाराष्ट्रात नाट्यसंगीत, कीर्तन, भजन सगळं पेटीवर चालूच होतं. आज पेटीशिवाय आपल्याला मैफल डोळ्यांपुढे आणता येत नाही.

आणि ज्याला 'खरा' म्हणतात त्या खरखरीत आवाजाची कुळकथा तर फारच मजेची आहे. १९५८ साली लिंक रे या अमेरिकन वादकाने स्पीकरच्या कागदाला पेन्सिलने भोकं पाडली. १९६४ साली लंडनमध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत यंत्रच बिघडलं, त्यातून निघालेला आवाज लोकांना आवडला, आणि १९६२ मध्ये तो बिघाड हुबेहूब काढून देणारी पेटी बाजारात विकायला आली. म्हणजे अस्सल म्हणून आपण ज्याची पूजा करतो तो मुळात बिघाड, आणि त्याची नक्कल करणारं यंत्र डिजिटलच्या कितीतरी आधीचं!

नातवाला हे परकं वाटू नये म्हणून मी त्याला आमचा तंबोरा दाखवला. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवत गेलं की एका जागी तार एकदम झणझणायला लागते. तीच जवारी. दोरा काढला तर सूर तोच, पण कोरडा, मुका. जवारी म्हणजे तरी काय, तार घोडीच्या पृष्ठभागाला घासून होणारी खरखरच, पण ताब्यात ठेवलेली. मिरजेच्या कारागिरांचं सारं कसब त्या घोडीच्या घासकामात आहे. (तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगीच नाही.) दोरा केसभर जास्त सरकला तर तंबोरा पत्र्यासारखा वाजतो. नातवाच्या अ‍ॅम्पवरची 'गेन' ही कळ म्हणजे हा दोराच आहे, असं मी त्याला सांगितलं. तेव्हापासून ती कळ कधी अर्ध्याच्या पुढे गेली नाही. माझ्या बी.ए.चा एवढा उपयोग याआधी कुणाला झाल्याचं आठवत नाही.

आता घरात चांगला आवाज कसा मिळाला ते सांगते. यात माझे कान, नातवाचे हात आणि बराच वेळ खर्ची पडला आहे.

पहिला अडथळा त्या अ‍ॅम्पमध्येच असतो. मोबाइल जोडला की आत शेकडो तयार आवाज. अमक्या बँडचा, तमक्या गाण्याचा. पोरगा पहिले तीन महिने वाजवतच नव्हता, नुसता निवडत होता. साडीच्या दुकानात गादीवर बसल्यासारखं, हे दाखवा, ते दाखवा. वर्गात मी मुलांना निबंधासाठी दहा विषय कधी दिले नाहीत, तीनच द्यायची, कारण दहा दिले की अर्धा तास निवडण्यात जातो. इथेही तेच सांगितलं, तीन ठेव. एक स्वच्छ, एक किंचित खरखरीत, एक पूर्ण खरखरीत. मध्यल्यासाठी त्याला आता कळही फिरवावी लागत नाही. गिटारवरच आवाजाची छोटी कळ असते, ती थोडी उतरवली की खरखर कमी होते, चढवली की वाढते. हे गिटार बनवणाऱ्यांनी केव्हाचं देऊन ठेवलं आहे, पण मोबाइलच्या पडद्यात डोकं घातलेल्या मुलांना स्वतःच्या हाताखालची कळ दिसत नाही.

दुसरी गोष्ट कानाची. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर त्या मानाने कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू आवाजात वाजवणारा मुलगा खर्जाची कळ वाढवतो, वरच्या सुरांची वाढवतो, मधले सूर उतरवतो. खोलीत छान वाटतं. तेच जमवलेलं घेऊन तो गॅदरिंगला गेला, आवाज मोठा केला, तर खर्ज नुसता घुमायला लागला आणि बाकीच्या वाद्यांत गिटार बुडाली. गिटारचं राज्य मधल्या सुरांत आहे. तेव्हा ज्या आवाजात वाजवायचं त्याच आवाजात कळा जमवायच्या, आणि जागा बदलली की पुन्हा जमवायच्या. तंबोरा नाही का आपण दर बैठकीला नव्याने लावत?

मग जागा. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला तर त्याचं तोंड घोट्याकडे असतं, आणि वरचे सूर सरळ रेषेत जातात, आपल्या कानाशी येतच नाहीत. मुलगा म्हणतो आवाज बसका आहे, आणि वरचे सूर वाढवतो. समोर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानात तेव्हा टाचण्या टोचत असतात! कोपऱ्यात ठेवला तर भिंतींमुळे खर्ज फुगतो. आम्ही तो कोपऱ्यातून काढला, माझ्या पूजेच्या खोलीतलं लाकडी स्टूल दिलं, त्यावर जुनी गोधडी चौघडी करून ठेवली, आणि अ‍ॅम्प किंचित मागे कलवला. कळ एकही न फिरवता आवाज उघडला. गोधडीचं काम पुढे येईल.

गुणगुण ही तिसरी तक्रार. गिटार न वाजवताही स्पीकरमधून घूं असा आवाज. आपल्या घरातल्या विजेचाच तो सूर, ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला. इन्व्हर्टर, जुन्या चोकची ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर यांच्या जवळ वेटोळं गेलं की तो वाढतो. नातवाला तोंड फिरवून बसायला सांगितलं तर निम्मा कमी झाला. उरलेल्यासाठी वायरमनला बोलावलं, तर त्या खोलीच्या अर्थिंगची तारच सुटलेली निघाली. गिटारने घरावर एवढा उपकार केला. आवाज घुमवायच्या कळेबद्दल एवढंच म्हणेन की ती लग्नाच्या हॉलमधल्या माइकची आठवण करून देईल इतकी फिरवू नये.

एवढं सगळं झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "आई, कशाला एवढा व्याप? हेडफोन आहेत ना." सूनबाईंचाही दुजोरा. त्यांची बाजू खोटी नाही. पोरगा बारावीला आहे, दोघं दमून येतात, आणि आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा पक्षाघाताने अंथरुणाला खिळून आहेत. त्यांची मोलकरीण एकदा वर येऊन "साहेबांना त्रास होतो" सांगून गेली होती. हेडफोन घातले की कुणालाच काही नाही.

माझी तक्रार 'कुणालाच काही नाही' हीच आहे. हेडफोन घातलेला मुलगा खोलीत बसून तास-दीड तास हात हलवताना दिसतो आणि बाहेर फक्त तारांची टिकटिक ऐकू येते. तो चुकला तर कुणाला कळत नाही, त्याला एखादी जागा साधली तर तीही कळत नाही. आमच्या लहानपणी वाड्यात कुणी पेटी शिकत असलं की सगळ्या वाड्याला तो कुठल्या रागापर्यंत आलाय ते माहीत असायचं. भाजी निवडता निवडता एखादी काकू "निषाद चुकतोय रे" म्हणून ओरडायची. शिकणाऱ्याला लाज वाटायची, पण आपलं वाजवणं कुणाच्या तरी कानावर पडतंय हे त्याला ठाऊक असायचं. एकट्याने, स्वतःच्या कानात, हवा तेवढा मोठा आवाज करून वाजवणारा मुलगा दुसऱ्याला किती आवाज पुरतो हे कुठे शिकणार? शिवाय कानांचाही प्रश्न आहे. हेडफोनचा आवाज कधी वाढला ते वाढवणाऱ्याला समजत नाही.

कानांबद्दल मी अधिकाराने बोलू शकते. तीन वर्षांपूर्वी मला श्रवणयंत्र लागलं. वयाने आधी वरचे सूर जातात, स, श, त, फ ही अक्षरं पुसट होतात, आणि माणसं पुटपुटतात असं वाटायला लागतं. माझं यंत्रसुद्धा डिजिटलच. तेही आवाज मोजतं, गणित करतं आणि मला उत्तर ऐकवतं. ते माणसाच्या बोलण्यासाठी जमवलेलं असतं, त्यामुळे लांब धरलेला सूर आला की त्याला वाटतं यंत्रच शिट्टी घालतंय, आणि ते तो दाबायला बघतं. पहिल्यांदा तंबोरा छेडला तेव्हा सूर पाण्यात थरथरल्यासारखा ऐकू आला, मी घाबरलेच. मग ऑडिऑलॉजिस्ट बाईंनी संगीतासाठी वेगळी सोय त्यात भरून दिली. आता माझ्या कानात दोन कप्पे आहेत, बोलण्याचा आणि गाण्याचा. खरा आवाज कुठला म्हणून मला विचाराल तर मी काय सांगू? नातवाचं यंत्र गणित करून आवाज बाहेर टाकतं, माझं गणित करून तो आत घेतं, आणि दोघांच्या मध्ये सहा फुटांची हवा असते तेवढीच काय ती खरी. पण यमनमधला तीव्र मध्यम त्याने तार खेचून बरोबर गाठला की तो मला पोचतो. या जूनमध्ये तो शिकायला बाहेरगावी जाईल. माझे कान वर्षागणिक उतरणीला लागलेले. तेव्हा हा उरलेला काळ मला टिकटिक ऐकत काढायचा नाही, हे मी चिरंजीवांना स्पष्ट सांगितलं.

मात्र खालच्या आजोबांचा प्रश्न हा असा हट्टाने सुटणारा नव्हता. मी नातवाला वाजवत ठेवून स्वतः खाली गेले आणि त्यांच्या पलंगाशी बसले. गिटार ऐकूच येत नव्हती! येत होते ते फक्त दण दण असे ठोके. स्लॅबमधून खर्जच तेवढा उतरतो, बाकीचं वरच राहतं. म्हणून गोधडी, म्हणून स्टूल, म्हणून खर्जाची कळ खाली. अ‍ॅम्पवर ताकद कमी करायची सोय आहे, पन्नास वॅटवरून अर्ध्या वॅटवर आणलं. तुम्ही म्हणाल आवाज शंभरावा झाला असेल. नाही, कानाचं गणित निराळं आहे, तो साधारण चौथ्या हिश्शावर आला, आणि एका खोलीला तेवढा भरपूर झाला. मोबाइलवर आवाज मोजायचं एक साधन नातवाने उतरवून घेतलं, ते काही प्रयोगशाळेतलं नव्हे, पण जिन्यात त्याने पन्नासच्या आतला आकडा दाखवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली गेले. ठोके थांबले होते. आजींना विचारलं, आता त्रास होतो का? त्या म्हणाल्या, "आवाजाचं काही नाही हो, पण तो एकच ओळ शंभर वेळा वाजवतो. पुढची येत नाही का त्याला?" आजोबांना बोलता येत नाही, पण त्यांनी डावा हात हलवला. त्याचा अर्थ आजींनी "असू दे" असा लावला, मी मात्र तो पक्का धरलेला नाही.

सध्या संध्याकाळी साडेसहा ते साडेसात ही वेळ ठरली आहे. हेडफोन रात्री नऊनंतर आणि पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात. खाली डॉक्टर येणार असतील त्या दिवशी आजी आमच्या दाराला नॅपकिन अडकवून जातात, मग सुट्टी. नातवाने ती ओळ ओलांडली आहे, पुढच्या ओळीवर आता तिसरा आठवडा चालू आहे.